‘राहून गेलं’ म्हणणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातल्या एका खाडीवरचा जुना पूल पावसाळी रात्री कोसळतो आणि एसटी वाहून जाते. कादंबरीत चार माणसं आहेत. एसटी चालकाची बायको, पुलाची पाहणी करून सही करणारा उपअभियंता, प्रेत बाहेर काढणारा मच्छीमार आणि ती गाडी चुकलेला कॉलेजातला मुलगा. अडीचशे पानं लिहून झाली आहेत. वाचणारे म्हणतात की चौघंही एकसारखेच दुःखी आहेत, आणि शेवटी पुलावर होणारी त्यांची भेट ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. काय करावं?

तुम्ही पाठवलेली पहिली साठ पानं मी दोनदा वाचली. कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांवर सव्वीस वर्षं काम करते आहे. तुम्ही निवडलेला विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांबणार आहे. वाचणाऱ्यांनी दोन तक्रारी केल्या असल्या तरी माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. तुमची माणसं दुःखाने जोडलेली आहेत. दुःखाने माणसं जोडली जात नाहीत, ज्याचं त्याचं दुःख ज्याच्या त्याच्या घरात बसतं. त्यांना एकमेकांकडे जायला लावते ती बाकी. कुणाचं काय द्यायचं राहिलं, कुणाला काय सांगायचं राहिलं, ही बाकी.

मला हे पहिल्यांदा कळलं ते कराडला, प्रीतिसंगमावर, माझ्या काकांच्या दशक्रियेला. पिंड ठेवले होते आणि समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे बसले होते. एकही खाली येईना. पहिली दहा मिनिटं सगळे गप्प होते. मग थोरल्या चुलतभावाने हात जोडले आणि म्हणाला, “दादा, आईला मी नेतो माझ्याकडे.” कावळा आला नाही. धाकटा म्हणाला, “वाटणीचं मी पुन्हा काढणार नाही.” वाटणीचा वाद होता हे निम्म्या नातेवाइकांना तेव्हाच कळलं. काकांच्या दुकानात तीस वर्षं काम केलेले एक गृहस्थ मागे उभे होते. ते पुढे आले आणि पिंडाजवळ वाकून काहीतरी बोलले, कुणालाच ऐकू गेलं नाही. काकू मात्र त्यांच्याकडे बघत राहिल्या. अर्ध्या तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे हातपाय धुवायला निघाले. ते गृहस्थ तिथेच थांबले होते.

तुम्हाला जी कादंबरी लिहायची आहे ती त्या अर्ध्या तासात आहे. गेलेला माणूस मध्ये, भोवती दहा जण. प्रत्येकाला वाटतंय की त्याचा जीव माझ्यामुळेच अडकला असेल. प्रत्येक जण आपलं गुपित थोडं उघडतो आणि दुसऱ्याचं थोडं ऐकतो. दुःख, अपराधीपणा आणि गुंतलेली आयुष्यं एका जागी आणण्याची रीत आपल्याकडे आधीपासूनच आहे. तुमच्या हस्तलिखितात चालकाचा दहावा एका वाक्यात उरकला आहे. तिथे परत जा.

आता ‘एकसारखे दुःखी’ या तक्रारीकडे येते. तुमच्या पान १४ वरचं वाक्य असं: “तिच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या. तिचं सारं विश्व उद्ध्वस्त झालं होतं.” हेच वाक्य तुम्ही उचलून अभियंत्याच्या बायकोच्या, मुलाच्या आईच्या, कुणाच्याही तोंडावर चिकटवू शकता. जे वाक्य कुणालाही बसतं ते कुणाचंच नसतं. तुमच्याच पान ३१ वर एका ओळीत येऊन गेलं आहे की चालकाचे कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जात. ते वाचल्यावर मी समासात खूण केली आणि तुमच्यासाठी हे लिहून पाहिलं:

“तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवाला खाकीचे दोन जोड घेऊन दारात उभा राहिला. तो गावाला गेला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. तिने कपडे घेतले आणि वीस रुपये दिले. सुटे नव्हते म्हणून तो म्हणाला, ‘राहू दे वहिनी, पुढच्या वेळी.’ ती म्हणाली, ‘नको, आत्ताच मिटव.’ शेजारणीकडून सुटे आणून तिने हिशेब पुरा केला.”

यात रडणं नाही. तिला उधारी ठेवायची नाही, कारण पुढची वेळ येणार नाही हे फक्त तिला माहीत आहे. आणखी एक गोष्ट इथे आपसूक झाली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्या घराशी बांधला गेला. संध्याकाळी त्याला बातमी कळेल तेव्हा ‘पुढच्या वेळी’ हे शब्द त्याला टोचतील. माणसं जोडायची ती अशी, वीस रुपयांच्या सुट्ट्यांवरून.

अपराधीपणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या हस्तलिखितात सर्वात मोठी पडझड तिथे आहे. तुम्ही चौघांनाही मोठे अपराध दिले आहेत. अभियंत्याने पैसे खाल्ले. मच्छीमाराने प्रेताच्या हातातलं घड्याळ काढलं. बायकोने निघताना भांडण केलं. मुलाने आपली जागा दुसऱ्याला दिली. हे पहिल्या खर्ड्याचे अपराध आहेत, माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ हस्तलिखितांत ते असतात. अडचण ही आहे की असा अपराध माणूस कबूल तरी करू शकतो किंवा त्याची शिक्षा तरी भोगू शकतो. कादंबरीभर पुरेल असा अपराध लहान लागतो. कुणाला सांगितला तर समोरचा म्हणेल, “अहो, यात तुमचा काय दोष?” आणि त्या वाक्याने सांगणारा आणखी एकटा पडेल.

असं करून बघा. तो चालक पहाटे तीनला घरी यायचा, कडी वाजवायचा, दिवे लावायचा, आणि तिची झोप मोडायची ती मोडायचीच. त्या रात्री तो आलाच नाही. तिला कित्येक महिन्यांनी सलग, गाढ झोप लागली. सकाळी उठली तेव्हा तिला छान वाटत होतं. बस, एवढंच. हे ती आयुष्यात कुणालाही सांगू शकणार नाही.

मुलाचंही तसंच. गाडी चुकलेला माणूस वाचल्याबद्दल झुरतो हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण त्या सकाळी त्याने पहिल्यांदा काय केलं? मित्रांना फोन लावले. “अरे, मी त्याच गाडीत असणार होतो!” पहिल्यांदा सांगताना आवाज थरथरत होता. सहाव्यांदा सांगताना गोष्ट रंगली होती, कुठे थांबायचं ते त्याला कळायला लागलं होतं. चौथ्या दिवशी त्याच्या शेजारच्या सीटवर बसणार असलेल्या माणसाचा फोटो पेपरात येतो.

पुरात नदीकाठचे लोक वाहून येणारी लाकडं ओढून काढतात, वर्षाचं जळण होतं. तुमच्या मच्छीमाराला उजाडताना दोन गोष्टी दिसल्या. एक चांगला ओंडका होता, आणि त्याच्या मागे काहीतरी काळं होतं. त्याने आधी ओंडका ओढला. तोवर ते काळं काहीतरी वळणावरून पुढे गेलं. नंतर त्याने होडी घालून सात प्रेतं काढली, गावाने त्याचा सत्कार केला. ओंडका अजून परसात पडून आहे. बायको विचारते, “फोडायचा कधी?”

आणि अभियंता. त्याला पैसे खाऊ देऊ नका, त्याने पात्र सपाट होतं आणि वाचक सुटतो. पुलांची पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होते. दगडी कमानीच्या पुलांवर सांध्यांत पिंपळ उगवतो, मुळं चुन्यात शिरतात. तुमच्या अभियंत्याने रोप पाहिलं आणि नोंदवहीच्या शेरा रकान्यात ‘झाडी काढावी’ असं लिहिलंही. लिहिलं, सही केली, पान उलटलं. चौकशीत तो शेरा त्याला वाचवतो. त्याच्या वकिलाला त्या दोन शब्दांचा केवढा आनंद होतो! त्याला स्वतःला मात्र ते शब्द बघवत नाहीत, कारण त्याच्या हाताखाली माणूस होता, कोयता होता, अर्ध्या तासाचं काम होतं. पिंपळामुळेच पूल पडला का, हे कादंबरीत सिद्ध करू नका.

भाषेची एक गोष्ट. अपराध टाळायला मराठीत फार सोयीची क्रियापदं आहेत. ‘सांगायचं राहून गेलं.’ ‘माझ्या हातून झालं नाही.’ ‘जमलं नाही.’ ‘निघायला उशीर झाला.’ या वाक्यांत करणारा कुठेच नाही, गोष्ट आपली आपण राहून गेली! आपण सगळे दिवसभर असंच बोलतो आणि त्यात खोटेपणाही नसतो. पण तुमच्या माणसांची वाटचाल दाखवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. पहिल्या भागात अभियंत्याच्या तोंडी सगळीकडे ‘काढायचं राहून गेलं’ असू द्या. शेवटाकडे कधीतरी, अगदी बिनमहत्त्वाच्या प्रसंगी, म्हणजे मुलीची फी भरायची तारीख उलटल्यावर वगैरे, तो म्हणू दे, “मी भरली नाही.” मुलगी म्हणेल, “राहिली असेल बाबा.” आणि तो पुन्हा म्हणेल, “राहिली नाही. मी भरली नाही.” फी हे निमित्त आहे हे वाचकाला न सांगता कळेल.

मृत्यूसाठीचे शब्दही असेच वाटून द्या. साठ पानांत तुम्ही ‘मृत्यू’ सत्तेचाळीस वेळा लिहिला आहे (मी मोजले). घरातलं माणूस ‘गेला’ म्हणतं, गल्लीतलं ‘वारला’. पेपरात ‘निधन’, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘दगावला’, लहान नातवंडाला सांगताना ‘देवाघरी गेला’. पंचनाम्यात तो ‘मयत’ होतो, आणि ओळख पटेपर्यंत ‘अनोळखी मयत पुरुष’. दशक्रियेला गुरुजी मंत्रात त्याच्या नावापुढे ‘प्रेत’ म्हणतात, बाराव्याच्या सपिंडीनंतर तो पितरांत जातो. तुमचा मच्छीमार म्हणेल, “एक गावला.” मासा गावतो तसाच माणूसही गावतो, त्याच्या बोलीत क्रियापद तेच आहे. बायको पोलीस ठाण्यात बसलेली असताना हवालदार ‘मयताचं नाव?’ विचारतो आणि ती क्षणभर थांबते, कारण तिच्या डोक्यात तो अजून ‘आले नाहीत’ इतकाच आहे. चार घरं, चार शब्द. चौघं निम्मे वेगळे तिथेच होतील.

आता घटनेबद्दल. तुमच्या पुलामागे महाडचा सावित्री पूल आहे हे उघड दिसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या इतर वाहनांसह नदीत गेल्या. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं आणि त्याने पुढची वाहनं अडवली. क्रेनला लोहचुंबक बांधून पाण्यात गाड्या शोधाव्या लागल्या. काही मृतदेह खाडीतून पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल सुरू झाला.

यातलं कामकाज घ्या, घरं घेऊ नका. त्या रात्रीची कुटुंबं आज जिवंत आहेत, त्यांच्यातलं कुणी तुमचं पुस्तक उघडू शकतं. तुम्ही नदीचं नाव बदललंत हे योग्य केलंत, पण गाडीचं नाव आणि गॅरेज तसंच ठेवलं आहे, तेही बदला. तपशील कसा चालतो ते मात्र नीट शिकून घ्या. प्रेत मिळालं नाही तर काय होतं? कायद्याने सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत धरला जातो. अशा दुर्घटनेत प्रशासन लवकर मार्ग काढू शकतं, पण तोवर वारसाचा दाखला, बँक, पेन्शन सगळं अडतं. राज्य आपत्ती निधीतून मृतामागे चार लाख रुपये वारसाला मिळतात, पण वारस कोण, यावर सासू आणि सून एकाच बाकावर पाठ करून बसतात. धर्माच्या बाजूने पालाशविधी आहे. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांपासून देहाची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात. पण तो करायचा म्हणजे ‘आता येत नाही’ हे कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं. कोण म्हणणार? तुमच्या चालकाचं प्रेत तुम्ही दुसऱ्याच दिवशी सापडवलं आहे. माझा आग्रह आहे की ते सापडू देऊ नका. मच्छीमाराने सोडलेलं ‘काळं काहीतरी’ तोच होता का, ही शंका मग पुस्तकभर दोन घरांमध्ये ताणलेली राहील, आणि त्या दोन घरांना एकमेकांचा पत्ताही नसेल.

पुलाचा अपघात आणि गुंतलेली आयुष्यं म्हटलं की थॉर्नटन वाइल्डर यांची ‘द ब्रिज ऑफ सॅन लुई रे’ ही १९२७ ची कादंबरी आठवणारच. पेरूमध्ये १७१४ साली पूल तुटतो, पाच माणसं मरतात, आणि हेच पाच का, याचा शोध एक फ्रान्सिस्कन साधू घेतो. जरूर वाचा, आकाराने लहानच आहे. पण तिथे चौकशी मेलेल्यांची आहे. तुमची कादंबरी मागे उरलेल्यांची आहे, म्हणून तिचा साचा तुम्हाला बसणार नाही. ‘हेच का?’ हा प्रश्न तुमचा अभियंता विचारेल, चालकाच्या बायकोला तेवढी सवड नाही.

योगायोगाबद्दल मी एक साधा नियम पाळायला सांगते. सुरुवातीचा एक योगायोग वाचक फुकट देतो, तो म्हणजे पूल. त्यापुढच्या प्रत्येक भेटीला कारण हवं, आणि आपल्याकडे कारणं पुरवायला सरकारी कचेऱ्या आणि घाट पुरेसे आहेत. तहसील कार्यालयातली रांग, ओळख पटवण्यासाठी ठेवलेल्या चपलांचा ढीग, एसटीचं आगार, गुरुजींचं घर. एक मोठा कागद घ्या. आडव्या ओळीत माणसं, उभ्या ओळीत तारखा. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहा की त्या दिवशी या माणसाला दुसऱ्याबद्दल काय माहीत आहे. काय वाटतं ते लिहू नका, काय माहीत आहे तेवढंच. तुमच्या साठ पानांसाठी मी हा तक्ता केला तेव्हा दिसलं की चाळिसाव्या पानापर्यंत सगळ्यांना सगळं कळलेलं आहे. पुढच्या दोनशे पानांना ओढायला काहीच उरत नाही, म्हणून तिथे सगळे नुसते रडत असणार.

राहिली शेवटची भेट. वर्षाने पुलावर चौघं एकत्र, हातात फुलं, पाऊस. तुम्हाला हे फार प्रिय आहे हे कळतं, तरीही काढा म्हणते. त्याऐवजी पंचांग बघा. २ ऑगस्ट २०१६ ला आषाढी अमावास्या होती, दिव्यांची अवस. त्या सकाळी घरोघरी दिवे घासून पाटावर मांडले गेले असतील. श्राद्ध तिथीने करतात, आणि पुढच्या वर्षी ती अवस आली २३ जुलैला. पेपर, सरकार, कचेऱ्या मात्र २ ऑगस्टच धरतात. म्हणजे एकाच माणसाला जाऊन एक वर्ष झाल्याचे दोन दिवस, मध्ये दहा दिवसांचं अंतर. तुमच्या काल्पनिक पुलालाही ही अमावास्याच द्या, साल दुसरं घ्या, आणि त्या सालाचं पंचांग स्वतः तपासा.

मग चालकाची बायको अवसेला येईल, कारण तिच्या घरात तिथी चालते. अभियंता तारखेला येईल, कारण त्याच्या डोक्यात नोंदवहीतली तारीख बसली आहे. दोघं एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. नव्या पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी असेल. टपरीवाल्याने अवसेच्या दिवशी एका बाईला कणकेचा दिवा कठड्याच्या आडोशाला ठेवताना पाहिलं आहे. दहा दिवसांनी एक गृहस्थ गाडी बाजूला लावून त्याच जागी बराच वेळ उभे राहतात, चहा घेतात, आणि पैसे देताना विचारतात, “इथे कुणी येतं का हो?” टपरीवाला काय सांगतो, किती सांगतो, हे तुम्ही ठरवा. मी असते तर त्याला आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळू दिला असता.

हे सगळं एकदम करू नका. आधी तक्ता करा, मग दहावा लिहा. पहिलं प्रकरण सर्वांत शेवटी हाती घ्या, आणि तेव्हा पूल कोसळण्यापासून सुरुवात न करता दारात उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्यापासून करून बघा. नवी वीस-तीस पानं झाली की पाठवा, मी वाचेन.